दर नोव्हेंबरला नेम सरकतो? स्कोपला शिव्या घालण्याआधी काडतुसाचं खोकं बघा

मंडळी, हा प्रॉब्लेम मला सलग तीन सीझन आला आणि आता ओळखीतल्या प्रत्येक नवशिक्या शिकाऱ्याला येताना बघतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लक्षणं अशी. मागच्या वर्षी रायफल शंभर यार्डावर दीड इंचात तीन भोकं पाडत होती, सीझन संपला, पुसून तेल लावून कपाटात ठेवली, या वर्षी ऑक्टोबरात रेंजवर नेली तर पहिली गोळी तीन इंच वर, दुसरी उजवीकडे आणि तिसरी कागदावर आहे की नाही तेच कळेना. मग माणूस स्कोपचे नॉब फिरवत बसतो, वीसेक गोळ्या उडवतो, कसाबसा नेम मधे आणतो, घरी येऊन परत चकचकीत पुसून तेल लावतो, आणि सीझनच्या पहिल्या सकाळी गोळी हरणाच्या पाठीवरून निघून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं.

मी विस्कॉन्सिनमधलं बोलतोय बरं का. इथे व्हाइटटेल हरणाचा बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, त्या शनिवारी अर्धं राज्य भगव्या जॅकेटात रानात असतं. भारतात हे सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तिकडे कोणी वाचत असेल तर हे निव्वळ माहिती म्हणून वाचा. आणि इकडच्या आपल्या पोरांसाठी एक, एच-वन किंवा तसल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकच काय, नुसती काडतुसंही जवळ ठेवता येत नाहीत, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हातात असेल तर त्यातून सूट आहे, म्हणजे आधी लायसन्स मग दुकान, उलटं नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागू नाही. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तोही टंगळमंगळ न करता करा, मला तिथेच पहिल्यांदा कळलं की मी घोड्यावर बोट ठेवून फिरतो.

माझी रायफल साधी आहे, बोल्ट ॲक्शन (म्हणजे हाताने खीळ मागेपुढे करून काडतूस भरायचं), .308 विंचेस्टर, प्लास्टिकचा दस्ता, पातळ बॅरल, वर तीन ते नऊ पटीचा स्कोप. हरणासाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही. .308 हे 1952 सालचं काडतूस, 150 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 2800 फुटांनी सोडतं. ग्रेन म्हणजे वजन, 7000 ग्रेनचा एक पाउंड, तर 150 ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅम, सोन्याच्या भाषेत तोळ्याला थोडं कमी. दारूचं वजन नव्हे हं, गोळीचं, हा घोळ पहिल्या वर्षी सगळेच करतात.

आता तपासणीला लागू. काडतुसाकडे मी येणारच आहे पण आधी फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या, नाहीतर सैल स्क्रूवर महागाच्या गोळ्या जाळत बसाल. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, मग स्कोपच्या रिंगांचे आणि खालच्या बेसचे स्क्रू बघा. टॉर्कचा छोटा पाना मिळतो, रिंगांना साधारण 15 ते 20 इंच-पाउंड पुरे, आपला पंजाबी जोर लावलात तर स्कोपची नळीच चेपते. दस्त्याला ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग, धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात तेही बघा, त्यांचा आकडा रायफलच्या पुस्तकात दिलेला असतो. घट्ट केल्यावर मी बायकोची गुलाबी नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर जाणारी एक रेघ ओढतो, स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बायकोने बाटली शोधशोध शोधली आणि शेवटी रायफलवर रंग बघून काय बोलली ते इथे लिहीत नाही.

मग एक डॉलरची नोट घ्या आणि बॅरल नि दस्त्याच्या मधल्या फटीतून सरकवत मागपर्यंत न्या. अडकली तर तिथे दस्ता बॅरलला टेकतोय. लाकडी दस्ता असेल तर ऑगस्टच्या दमट हवेत फुगतो, हिवाळ्यात हीटर चालू झाला की आक्रसतो, आणि टेकण्याची जागा बदलली की नेम बदलतो, दरवर्षी ठराविक महिन्यात नेम हलण्याचं हे एक अगदी खरं कारण आहे. प्लास्टिकचा दस्ता फुगत नाही पण पुढून मऊ असेल तर वाळूच्या पिशवीवर दाबल्यावर वाकून बॅरलला लागतो, तेव्हा पिशवी मॅगझिनच्या जवळ ठेवा, आणि बॅरल पिशवीवर तर कधीच टेकवू नका.

माझ्या केसमध्ये स्क्रू ठीक होते, नोट सुळकन गेली. मग पकडला तो तेलाचा मामला. कपाटातून काढलेल्या, आतून तेलकट, स्वच्छ बॅरलमधून पहिली गोळी वेगळीच जाते, माझ्या रायफलीत अडीच-तीन इंच वर. दुसरी थोडी जवळ, तिसरीपासून ती शहाणी होते. आणि मी काय करत होतो, तर पंधरा-वीस गोळ्यांनंतर मळलेल्या गरम बॅरलवर नेम लावत होतो, मग घरी आणून परत तेल लावत होतो, आणि हरणावर जी एकुलती एक गोळी सुटायची ती नेमकी थंड तेलकट बॅरलमधून! म्हणजे मी दरवर्षी मन लावून चुकीच्या बॅरलचा नेम लावत होतो. उपाय काही कठीण नाही, रेंजवर जायच्या आधी कोरड्या पॅचने तेल पूर्ण पुसून काढा, दोन गोळ्या नुसत्या बॅरल मळवायला सोडा, मग नेम लावा, आणि त्यानंतर सीझन संपेपर्यंत बॅरलच्या आत हात लावू नका. पावसाबर्फात भिजली तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुसायलाच लागते, पण मग परत एकदा रेंजवर जाऊन खात्री करून या.

एवढं केल्यावर अर्धा प्रॉब्लेम गेला, पहिली गोळी आता बाकीच्यांसोबत बसायला लागली. पण ग्रुप, म्हणजे एका दमात झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, तरीही कधी सव्वा इंच तर कधी साडेतीन इंच. इथे आमचे शेजारी मदतीला आले, सत्तरीचे म्हातारबुवा आहेत, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेला माणूस, मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी माझी बॅग उपडी केली, त्यातून चार वेगवेगळी अर्धवट खोकी निघाली. एक दोन वर्षांपूर्वीचं, एक सेलमधलं, एक मित्राने दिलेलं. सगळ्यांवर 150 ग्रेन. मी म्हटलं, सगळी 150 चीच आहेत की. त्यावर ते इतकंच म्हणाले की तुझ्याकडे चार रायफली आहेत, तुला वाटतंय एकच आहे.

हे नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथेच आहे. बार झाला की बॅरल स्थिर राहत नाही, छडीसारखी थरथरते, आणि गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे असेल त्यावर ती कुठे लागणार ते ठरतं. दारू वेगळी, गोळीचा आकार वेगळा, ती केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) किती खोल बसवलीय ते वेगळं, की वेग आणि बॅरलमधला वेळ बदलला, थरथर तीच पण क्षण वेगळा. म्हणून एकाच वजनाची दोन कंपन्यांची काडतुसं शंभर यार्डावर दोन-तीन इंच अंतर सोडून दोन वेगळे गठ्ठे करतात, आणि एखादं काडतूस एका रायफलीत घट्ट ग्रुप देतं ते शेजारच्या त्याच मॉडेलच्या रायफलीत पसरतं. एकाच कंपनीच्या एकाच काडतुसातही लॉट (एका खेपेत बनलेला माल) बदलला की थोडा फरक पडू शकतो, कारण दारूची बॅच बदलते.

कोकणात आमच्या आजोबांकडे (खऱ्या आजोबांकडे) शेतीच्या राखणीची परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं भातात शिरायची म्हणून. दारू मोजायला बांबूचं एक पेर होतं, काठावरून घासून घासून एका मापाचं केलेलं, आणि त्या पेराला घरातल्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एकदा काकाने ते हरवलं आणि दुसरं पेर कापून आणलं तर आजोबांनी आठवडाभर बंदूकच उचलली नाही, आधी झाडावर बार काढून बघितले मग समाधान झालं. मला तेव्हा ते म्हातारपणाचे चोचले वाटायचे. आणि आता बघा, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्या .22 च्या खेळात वरच्या पातळीला लॉट टेस्टिंग हा रिवाजच आहे, बॅरल शिकंज्यात घट्ट बसवतात आणि एकाच काडतुसाचे वेगवेगळे लॉट झाडून बघतात, जो त्या बॅरलला मानवतो त्याचा साठा घेऊन ठेवतात. आपल्याला हरणासाठी इतकं बारीक कातायचं नाहीये पण तत्त्व तेच.

तर टेस्टिंग कसं करायचं. हरणाच्या वापराची तीन, फार तर चार वेगवेगळी काडतुसं निवडा, प्रत्येकी एकेक खोकं. साधी सॉफ्ट पॉइंट वीसची खोकी पंचवीस-तीस डॉलरला येतात, भारीतली पन्नासच्या पुढे, म्हणजे हा दीडशे डॉलरचा कार्यक्रम आहे, पण नवीन स्कोप घेण्यापेक्षा स्वस्तच. पुढे आणि मागे दोन्हीकडे वाळूची पिशवी, कानात बोंडं आणि वरून मफ, डोळ्याला चष्मा. आधी 25 यार्डावर कागदावर या, तिथे एक इंच चूक म्हणजे शंभरावर चार इंच, त्यामुळे गोळ्या वाचतात. स्कोपचा एक क्लिक बहुतेक वेळा शंभर यार्डावर पाव इंच सरकवतो, 25 वर त्याच्या चौपट क्लिक द्यावे लागतात, इथे लोक हमखास चुकतात आणि मग स्कोप खराब आहे म्हणून परत करायला निघतात.

मग शंभरावर. दोन गोळ्या मळवायला, नंतर पहिल्या खोक्यातल्या तीन, प्रत्येक गोळीत दोन-तीन मिनिटं थांबायचं, ग्रुप झाला की बोल्ट उघडा ठेवून रायफल सावलीत उभी करायची आणि बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत चहा प्यायचा. पातळ बॅरल तापली की गोळ्या चढत चढत वर जातात, ते काडतुसाचं पाप नव्हे. मग दुसऱ्या खोक्यातल्या दोन मळवायला, तीन ग्रुपच्या, असंच पुढे. आणि काय वाट्टेल ते झालं तरी या सगळ्या काळात स्कोपच्या नॉबला हात लावायचा नाही! गठ्ठा कागदावर कुठे पडतोय याच्याशी आज घेणं नाही, तो किती घट्ट आहे एवढंच बघायचंय. मधे आणणं सगळ्यात शेवटी, चार क्लिकचं काम आहे ते.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर भाळू नका, हा माझा सगळ्यात लाडका मुद्दा आहे. तीन गोळ्या नशिबानेही एका ठिकाणी बसतात. लोक तो एक कागद खिशात घालून वर्षभर दाखवत फिरतात, बाकीचे सात कागद रेंजच्या कचऱ्यात टाकतात. मी काय करतो, प्रत्येक काडतुसाला एकच कागद ठेवतो, त्यावर तारीख आणि लॉट नंबर लिहितो, आणि तोच कागद पुढच्या दोन शनिवारी परत लावतो. तिन्ही दिवसांच्या मिळून नऊ-दहा भोकांचा जो पसारा असतो तो तुमचा खरा आकडा, आणि तो तीन गोळ्यांच्या आकड्यापेक्षा हमखास मोठा निघतो, वाईट वाटून घेऊ नका. दहा भोकं दोन-अडीच इंचात असली तरी हरणासाठी मस्त आहे. व्हाइटटेलचं काळीज-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण आठ इंचाच्या ताटलीएवढं धरतात, आणि इथल्या झाडीत शंभर-सव्वाशे यार्डाच्या पुढे क्वचितच दिसतं काही.

आणि हो, ग्रुप आडवातिडवा पसरत असेल, विशेषतः खाली आणि घोड्यावरच्या बोटाकडच्या बाजूला, तर दोष स्वतःत शोधा. मित्राला सांगा मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत मधेच एखादं डमी काडतूस भर. घोडा दाबल्यावर बार होत नाही आणि नळीचं तोंड तरीही खाली आपटतं, तेव्हा सगळं कळतं. माझं असं आपटायचं की मित्र खुर्चीतून पडायचा बाकी होता. मग महिनाभर .22 घेऊन सराव केला, तेव्हा कुठे निवळलं. पण इथे एक लक्षात ठेवा, डमी नसताना घोडा दाबून बार नाही झाला तर नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, कधीकधी बार उशिरा होतो. आणि नेहमीपेक्षा फुसका आवाज आला तर लगेच थांबा, गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, तिच्यामागून दुसरी सोडलीत तर बॅरल फाटते.

एका मित्राचा किस्सा वेगळाच निघाला. त्याने एका म्हाताऱ्या बाईंच्या घरसामानाच्या विक्रीतून जुनी देखणी रायफल घेतली, बॅरलवर .244 रेमिंग्टन. गनस्मिथने सांगितलं की 6 मिलिमीटर रेमिंग्टनची काडतुसं यात चालतात, मापं तीच. खरंय ते. याने हरीण म्हणून जड बघून 100 ग्रेनची आणली. ग्रुप सहा इंच! स्क्रू बघितले, स्कोप बदलला, काही नाही. मी कागद जवळून बघितला तर दोन भोकं गोल नव्हती, लांबट होती, अंड्यासारखी. भोक लांबट दिसलं की समजायचं गोळी सरळ न जाता डुलत गेलीय, भोवऱ्याची गती कमी पडली की तो डुलतो तसं. बॅरलच्या आत पीळ असतो, त्याने गोळी फिरते, आणि गोळी जितकी लांब तितका घट्ट पीळ लागतो. आता गंमत अशी की .244 रेमिंग्टन आणि .243 विंचेस्टर ही दोन्ही 1955 ची. .243 ला दहा इंचात एक फेर दिला, त्यात 100 ग्रेन आरामात चालायच्या. .244 ला बारा इंचात एक, हलक्या गोळ्यांचा विचार करून. हरणवाल्यांना 100 ग्रेन हवी होती, ते सगळे .243 कडे गेले, आणि 1963 ला तेच काडतूस नऊ इंचाचा पीळ देऊन 6 मिलिमीटर रेमिंग्टन या नव्या नावाने आणावं लागलं. म्हणजे मित्राच्या रायफलीत काही बिघडलं नव्हतं, तिच्या पिळाला न पेलणारी गोळी घातली होती. 90 च्या आतली, हरणासाठी बनवलेली गोळी घातली आणि ग्रुप दीड इंचावर आला. तांब्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा, तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, जुन्या सैल पिळाच्या बॅरलला मग एक पायरी हलकी घ्यावी लागते.

आता माझी चूक सांगतो, जी अजून टोचते. ग्रुप घट्ट करायच्या नादात मी एका वर्षी 125 ग्रेनची, प्लास्टिकच्या टोकाची, पातळ कवचाची गोळी निवडली. माझ्या रायफलीत तिने पाऊण इंचाचे ग्रुप दिले, दहा गोळ्या दीड इंचात, मी तर हवेत. ती गोळी कोल्ह्या-कायोटीसारख्या छोट्या जनावरासाठी बनवलेली, लागताक्षणी फुटायला, हे खोक्यावर लिहिलंही होतं. संध्याकाळी एक बक, म्हणजे नर हरीण, पस्तीस पावलांवर आला, थोडा माझ्याकडे वळलेला, गोळी खांद्याच्या हाडावर बसली. तो कोसळला, उठला आणि गेला. बाहेर पडल्याची जखम नाही, त्यामुळे रक्तही जवळजवळ नाही, इथे पानावर एक थेंब तिथे गवताच्या पात्यावर पुसलेलं. हेडलॅम्प लावून शेजारच्या म्हातारबुवांबरोबर दोन तास गुडघ्यावर शोधलं तेव्हा देवदारांच्या खाली सापडला, अजून जिवंत होता. सोलताना खांद्यावर बशीएवढा खड्डा, आत कवचाच्या चिंध्या, आणि फुप्फुसापर्यंत जेमतेम दोन तुकडे पोचलेले. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, फक्त ते तुकडे माझ्या हातावर ठेवले.

म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवा, आधी जनावराला साजेशी गोळी, मग त्यातल्या त्यात रायफलीला आवडणारी. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचं टोक उघडं आणि बाकी तांब्याचं कवच, ही हरणाला इतकी वर्षं पुरलीय आणि अजूनही माझी पहिली शिफारस तीच. वेगवान मॅग्नम (जास्त दारूचं काडतूस) असेल, अंतर कमी असेल, हाडावर बसायची शक्यता असेल तर कवच शिशाला चिकटवलेली बाँडेड घ्या, किंवा मधे भिंत असलेली पार्टिशन, जॉन नॉस्लर नावाच्या गृहस्थाने कॅनडात एका मूसवर (हरणाच्या कुळातलं अजस्त्र जनावर) गोळ्या फुटून वाया गेल्या म्हणून 1940 च्या दशकात ती बनवली, पुढचा भाग फुलतो आणि भिंतीमागचा तसाच आत घुसतो. अख्ख्या तांब्याच्या गोळ्या आरपार जातात, मटण कमी नासतं, फक्त त्यांना फुलायला वेग लागतो, लांबच्या अंतरावर किंवा छोट्या बॅरलमधून वेग उतरला की नुसती सुईसारखी निघून जाऊ शकते. त्या वापरायच्या आधी आधीच्या गोळ्यांच्या कवचाचं बॅरलमध्ये चिकटलेलं तांबं नीट साफ करा, नाहीतर पहिल्या दहा गोळ्या कुठेही जातात आणि आपण उगाच त्यांना नावं ठेवतो. घरात लहान पोरं हरणाचा खिमा खाणार असतील तर तांब्याचा विचार जरूर करा, शिशाचे कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मासात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. लष्करी पद्धतीची पूर्ण कवचाची नको, फुलत नाही, बऱ्याच राज्यांत हरणाला बेकायदा आहे. आणि मॅच (स्पर्धेची) म्हणून विकतात ती कागदासाठी, हरणासाठी नव्हे, ग्रुप कितीही गोड असू दे.

एका बाकावर एकावेळी एकाच जातीची काडतुसं, हेही जाता जाता सांगतो. बॅरलवर कोरलेलं आणि केसच्या बुडावर ठोकलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, मित्राच्या .244 सारखी गोष्ट असेल तर आधी गनस्मिथला विचारून. .308 आणि .30-06 च्या गोळीची जाडी सारखी, खोकी सारखी दिसतात, दोन मित्र शेजारी बसले की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि .308 जर .30-06 मध्ये झाडलं गेलं तर केस फाटून गॅस मागे येऊ शकतो, डोळ्याशी खेळ आहे.

विजेतं काडतूस ठरलं की दुकानात जाऊन एकाच लॉटची चार-पाच खोकी घ्या, लॉट नंबर खोक्याच्या फ्लॅपवर असतो, दुकानदाराला विचित्र वाटलं तरी सगळी खोकी उलटी करून बघा. मग त्या लॉटवर नेम लावा. मी शंभरावर दीड-पावणेदोन इंच वर ठेवतो, 150 ग्रेनला ते दोनशे यार्डावर मधापासून साधारण इंचभर खाली येतं, म्हणजे आमच्या रानात कुठेही हिशोब न करता फुप्फुसावर धरायचं. दोनशेवर एकदा प्रत्यक्ष झाडून बघा, खोक्यावरचा तक्ता त्यांच्या टेस्ट बॅरलचा असतो, तुमच्या नव्हे. थंडीने वेग थोडा उतरतो, पण दोनशेच्या आत त्यावर खापर फोडण्याएवढा नाही, ऑगस्टात लावलेला नेम नोव्हेंबरात चार इंच हलला तर परत स्क्रूकडे जा.

शेवटचं काम मी ऑक्टोबरात तीन वेगवेगळ्या सकाळी करतो. घरून जायचं, कोट घालून, थंड रायफल, एकच गोळी, कागद काढून घरी. तिन्ही वेळा तोच कागद. सकाळचा पाऊण तास जातो आणि रेंजवरचे लोक हसतात, एका गोळीसाठी आलास का म्हणून.

या वर्षीचा कागद फ्रीजवर लावलाय. तीन भोकं, सगळी दीड इंच वर, एक किंचित डावीकडे. स्क्रूंवरच्या गुलाबी रेघा जागच्या जागी आहेत, खोक्याचा फ्लॅप फाडून रायफलच्या पेटीत आतून टेपने चिकटवलाय, त्या लॉटची एक्केचाळीस काडतुसं शिल्लक.